मराकेश ते फेझ : वाळवंटाच्या वाटेवर पाण्याचा माग

मोरोक्कोच्या सहलींत एक मार्ग आता जवळजवळ ठरूनच गेला आहे. मराकेशहून निघायचे, उंच ॲटलास पर्वत ओलांडायचा, आइत बेनहद्दूची मातीची वस्ती पाहायची, दादेस आणि तोद्रा या नद्यांच्या घळी बघत मेरझूगाच्या वाळूपर्यंत पोचायचे, एक रात्र तंबूत काढायची आणि मग झीझ नदीच्या काठाने उत्तरेला वळून, मधला ॲटलास पार करून फेझला उतरायचे. सोबत गाडी चालवणारा स्थानिक वाटाड्या असतो, मुक्काम आधीच ठरलेले असतात, आणि बहुतेक प्रवास कंपन्या हे सगळे तीन दिवस आणि दोन रात्रींत बसवतात. जाहिरातींत उंट, तंबू आणि सूर्यास्त एवढेच दिसते. आम्ही याच मार्गाने, पण थोडे अधिक सावकाश गेलो. ती वाट पाहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की इथे वाळूपेक्षा पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण या मार्गावरची गावे कुठे वसली, कोणती टिकली, कोणती ओस पडली आणि दोन्ही टोकांना एवढी मोठी शहरे कशी उभी राहिली, याचे उत्तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाण्यापाशी येऊन थांबते. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही.

सुरुवात मराकेशपासूनच करायला हवी. अल्मोराविद राजवटीने अकराव्या शतकात हे शहर वसवले ते हाउझच्या सपाट, कमी पावसाच्या मैदानात. शहराजवळ बारमाही मोठी नदी नाही. बाराव्या शतकाच्या आरंभी इथे खेत्तारा खोदले गेले, म्हणजे ॲटलासच्या पायथ्याशी असलेले भूजल अगदी मंद उताराच्या बोगद्यांतून, कोणतेही यंत्र न वापरता, शहरापर्यंत आणले गेले. पुढे अल्मोहाद राज्यकर्त्यांनी अगदाल आणि मनारा या बागांत प्रचंड हौद बांधले. कुतुबिया मशिदीचा ७७ मीटर उंच मिनार पाहायला सगळेच जातात, आणि जावेच. पण मनाराच्या हौदाच्या काठावर उभे राहून दक्षिणेला पाहिले, की स्वच्छ हवेत ॲटलासची हिमाच्छादित रांग आणि समोरचे पाणी एकाच वेळी दिसते आणि या शहराचा सगळा हिशेब ध्यानात येतो. वाटाडे सहसा पहाटेच निघायची घाई करतात, म्हणून हे आदल्या संध्याकाळी पाहून घ्यावे.

मराकेशहून वारझाझात सुमारे २०० किलोमीटर आहे, पण मध्ये तिझी न'तिश्का ही २२६० मीटर उंचीची खिंड असल्यामुळे चार तास तरी लागतात. हा घाटरस्ता फ्रेंचांनी १९३६ मध्ये पूर्ण केला. खिंडीपर्यंतच्या उत्तर उतारावर अक्रोडाची झाडे, डोंगराच्या पायऱ्यांवरची शेती आणि खळाळते ओहोळ दिसतात. खिंड ओलांडली की काही किलोमीटरांतच हिरवा रंग संपतो आणि तपकिरी, तांबूस, मधूनच जांभळट खडक सुरू होतात. अटलांटिकवरून येणारे ढग उत्तरेकडेच रिते होतात आणि दक्षिणेला पर्जन्यछाया उरते, हे सह्याद्रीच्या पूर्वेला राहणाऱ्यांना परिचयाचे आहे. फरक एवढाच, की इथे डोंगरमाथ्यावर हिवाळ्यात बर्फ साठते आणि ते वितळून दक्षिणेच्या कोरड्या प्रदेशालाही थोडेथोडे पाणी मिळत राहते. पुढे लागणाऱ्या सगळ्या मरूद्यानांतल्या वस्त्या या बर्फाच्या जिवावर उभ्या आहेत.

या पर्वताने ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री फार मोठा घाव सोसला. अल हाउझ प्रांतात झालेल्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपात २९०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मातीची आणि दगडमातीची घरे असलेली कितीतरी खेडी कोसळली. किल्लारीच्या आठवणी ज्यांच्या घरात आजही निघतात, त्यांना त्या खेड्यांजवळून जाताना बोलावेसे वाटत नाही. आमच्या वाटाड्यांनीही तिथे गाडीतले संगीत बंद केले होते.

आइत बेनहद्दू हे तटबंदीतले गाव उनिला नदीच्या काठी, टेकडीच्या उतारावर वसलेले आहे आणि १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सहारापलीकडून मराकेशकडे जाणारे तांडे इथून जात. इथल्या घरांच्या भिंती खालच्या भागात लाकडी साच्यांत ओलसर माती ठासून उभारलेल्या आणि वर उन्हात वाळवलेल्या विटांच्या असतात. भिंतीला जवळून पाहिले तर प्रत्येक थराची आडवी रेघ दिसते, आणि साचा पेलणाऱ्या लाकडांची गोल भोकेही तशीच राहिलेली दिसतात. मातीत मिसळलेले गव्हाचे काड बोटाला लागते. सपाट छपरांवर लाकडी वासे, त्यावर वेत आणि त्यावर माती असते, त्यामुळे प्रत्येक जोरदार पावसानंतर डागडुजी करावीच लागते. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांची पावसाळ्याआधी जशी माळवदे नीट करून घेतात, तशीच. पावसाअभावी कोरडे पडलेले गाव आणि पावसानेच ढासळणारी भिंत, असा हा दुहेरी संबंध आहे. टेकडीच्या माथ्यावर सगळ्या गावाचे सामाईक धान्यकोठार होते. तिथवर चढून जावे, कारण नदीचे पात्र, पात्रालगतची शेते आणि नदीपलीकडे वसलेले नवे गाव तिथून एकत्र दिसते. आता जुन्या गावात मोजकीच कुटुंबे राहतात. वरच्या खोऱ्यात तेलुएतजवळ मिठाच्या खाणी आहेत आणि त्या बाजूने येणारे उनिलाचे पाणी खारट असते, म्हणून नदी दारात असूनही पिण्याच्या पाण्याची अडचण या गावाला कायमच राहिली.

वारझाझात येथे चित्रपटांची मोठी चित्रीकरण केंद्रे आहेत, आणि तिथे बराच वेळ दिला जातो. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे आहे ते शहराबाहेरचे नूर सौरऊर्जा केंद्र, ज्याचा उंच मनोरा आणि त्याच्या टोकाचा प्रखर प्रकाश दुरूनही दिसतो. पहिला, १६० मेगावॉटचा टप्पा २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात वाफ थंड करण्यासाठी पाणी वापरले जाते आणि ते जवळच्या मन्सूर एद्दहबी धरणातून येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांत मात्र हवेने थंड करण्याची पद्धत स्वीकारली गेली. ज्या प्रदेशात उन्हाला तोटा नाही तिथेही उन्हापासून वीज करताना पाण्याचा विचार आधी करावा लागला, ही गोष्ट मला मोठी वाटते.

दादेस खोऱ्यात कलात म'गूना परिसरात गुलाबाची शेती आहे. शेताच्या बांधांवर कुंपणासारखी लावलेली ही झाडे साधारण मे महिन्याच्या सुमारास फुलतात. त्या काळात गेल्यास थांबावे. इतर वेळी दुकानांतल्या गुलाबपाण्यापलीकडे फारसे काही नसते.

तोद्राची घळ मात्र कोणत्याही ऋतूत पाहावी. तिनघिर गावाच्या वर नदीने चुनखडीचा डोंगर असा कापला आहे की दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटर उंच कडे आणि मध्ये काही ठिकाणी जेमतेम दहा मीटर रुंदीची जागा राहते. सगळे पर्यटक वर बघत छायाचित्रे काढतात. खाली पायांशी वाहणारे पाणी थंड, नितळ आणि घोट्याएवढेच असते. त्यातला बराच भाग घळीतल्या झऱ्यांतून येतो. हेच पाणी पुढे दगड-मातीच्या बंधाऱ्यांनी वळवून पाटांत घातले जाते आणि तिनघिरची कित्येक किलोमीटर लांब खजुराई त्यावर जगते.

आमचे वाटाडे याच भागातल्या एका खेड्याचे. ते आम्हांला घळीतून थेट गाडीत न बसवता खजुराईतल्या पायवाटेने घेऊन गेले, आणि संपूर्ण प्रवासात मला सर्वांत समृद्ध वाटला तो हाच तास. सगळ्यांत उंच खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब, अंजीर, बदाम आणि ऑलिव्ह, आणि त्याखाली जव, घेवडा, कांदा आणि लसूणघासाचे छोटे वाफे, अशी तीन थरांची शेती तिथे आहे. बाहेरच्या माळावर ऊन डोळ्यांत खुपत असताना आत दोन पावलांवर हवेत गारवा येतो. लसूणघासाचे भारे पाठीवर बांधलेल्या बायका आमच्यापुढे चालत होत्या. पाटाला जिथे फाटा फुटतो तिथे कुणीतरी चिखलाचा बांध आणि जुन्या कापडाचा बोळा घालून पाणी अडवले होते. ठरलेल्या वेळी एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी खोऱ्याच्या दोन फटक्यांत तो बांध फोडला आणि पाणी त्यांच्या वाफ्याकडे वळवले. जमीन आणि पाण्याची पाळी या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत, पाळी वेळेवर मोजली जाते, आणि तिच्यावरून होणारे तंटे गावची जाणती मंडळी सोडवतात, असे वाटाड्यांनी सांगितले. पाणीपाळी म्हणजे काय, हे आम्हांला त्यांनी समजावण्याची गरज नव्हती. उलट आम्ही विचारलेल्या प्रश्नांचेच त्यांना नवल वाटले.

तिनघिरहून अर्फूदकडे जाताना जोर्फच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना मातीच्या गोल ढिगांच्या लांबच लांब रांगा दिसू लागतात. प्रत्येक ढिगाच्या मध्यभागी एक विहीर असते. हेच ताफिलाल्त या प्रदेशातले खेत्तारा. डोंगराच्या बाजूला, जिथे भूजल उंच आहे, तिथे मूळ विहीर खोदायची, आणि तिथून गावापर्यंत जमिनीच्या उतारापेक्षा कमी उताराचा बोगदा न्यायचा; मग पाणी आपल्याच गतीने वाहत गावाजवळ जमिनीवर येते. मधल्या विहिरी खोदकामाची माती वर काढण्यासाठी, हवेसाठी आणि पुढे गाळ उपसण्यासाठी असतात. पाणी जमिनीखालून येत असल्यामुळे बाष्पीभवन फार कमी होते. एका ठिकाणी पायऱ्या करून पर्यटकांना आत उतरू देतात. आत वाकून चालावे लागते, भिंतींवर कुदळीचे घाव आजही ताजे वाटावेत इतके स्पष्ट आहेत, आणि वरच्या विहिरीतून पडलेला उजेडाचा गोल सोडला तर काळोख असतो. तळाशी पाणी नव्हते. पायाखाली फक्त मऊ, कोरडा गाळ होता.

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला इथे नहर-ए-अंबरी आठवणे अपरिहार्य आहे. सतराव्या शतकात, शहराचे नाव खडकी असताना, मलिक अंबरने उत्तरेकडच्या टेकड्यांतले भूजल याच तत्त्वाने शहरात आणले. बऱ्हाणपूरचा खुनी भंडाराही त्याच जातीचा. पश्चिम आशियात जन्मलेली ही विद्या एका दिशेने मोरोक्कोपर्यंत आणि दुसऱ्या दिशेने दख्खनपर्यंत पोचली आणि दोन्हीकडे तिने शहरे जगवली. दोन्हीकडे तिची हेळसांडही सारखीच झाली, याचे दुःख मला त्या कोरड्या बोगद्यात फार तीव्रतेने जाणवले. ताफिलाल्तमध्ये मोटरपंप आले, भूजल खाली गेले, आणि ज्याच्याकडे पंप आहे त्याचे शेत हिरवे आणि सामाईक बोगदा कोरडा, असा प्रकार सुरू झाला. पंपाला दोष देऊन उपयोग नाही, शेतकऱ्याला पाणी हवेच असते. परंतु खेत्तारा जेवढे पाणी डोंगर देतो तेवढेच घेत असे आणि पंपाला अशी मर्यादा नाही, हा फरक इतका स्पष्टपणे दाखवणारी जागा मी दुसरी पाहिलेली नाही. पलीकडच्या द्रा खोऱ्यात, झागोरा येथे, २०१७ मध्ये लोक पिण्याच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरले होते.

रिसानीजवळ सिजिल्मासाचे अवशेष आहेत. मातीच्या काही भिंती आणि उंचवटे यांपलीकडे दिसण्यासारखे फारसे उरलेले नाही, त्यामुळे बहुतेक गाड्या थांबत नाहीत. पण आठव्या शतकात वसलेले हे शहर सहारा ओलांडून येणाऱ्या सोन्याचे आणि तिकडे जाणाऱ्या मिठाचे उत्तरेकडचे दार होते. १३५२ मध्ये इब्न बतूता इथूनच मालीच्या राज्याकडे निघाला. हा तोच प्रवासी, ज्याने त्याआधी दिल्लीत मुहंमद बिन तुघलकाच्या पदरी काझी म्हणून काम केले होते आणि आपल्या दौलताबादच्या किल्ल्याचे आणि मराठ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. सिजिल्मासात तो ज्या विद्वानाच्या घरी उतरला, त्याच्या भावाला तो चीनमध्ये भेटला होता. इथल्या खजुरांची त्याने स्तुती केली आहे. दौलताबाद पाहिलेला माणूस या ओसाड माळावर उभा राहून उंटांची खरेदी करत होता, ही कल्पना मला तिथून हलू देईना, आणि वाटाड्यांनी समजूतदारपणे गाडी थांबवून ठेवली.

मेरझूगाच्या वाळूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एर्ग शेब्बीच्या टेकड्या सुमारे दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत, त्यांचा रंग तासातासाला बदलतो, आणि पहाटे त्यांच्या धारेवर चढून बसणे हा मोठाच आनंद आहे. मला तिथे आणखी एक गोष्ट दाखवली गेली. वाळूच्या अगदी पायथ्याशी हस्सीलबिएद नावाचे गाव आहे आणि तिथे खेत्तारातून आलेल्या पाण्यावर गावकऱ्यांच्या छोट्या छोट्या बागा आजही पिकतात. एका बाजूला टेकडीची घसरती वाळू आणि तिच्यापासून काही पावलांवर गाजराचा वाफा, खजुराच्या झावळ्यांच्या कुडाने वेगळे केलेले. दुसऱ्या बाजूला काही हॉटेलांत पोहण्याचे तलाव आहेत. मला ते पटत नाही, आणि मुक्काम निवडताना प्रवाशांनी त्याचा विचार करावा असे मी आग्रहाने सांगेन. पाणी इथे नुसते दुर्मीळ नसते, कधी ते अंगावरही येते. मे २००६ मध्ये अचानक आलेल्या पुराने मेरझूगातली मातीची घरे वाहून नेली होती.

पुराचीच गोष्ट झीझ खोऱ्यात पुन्हा भेटते. १९६५ च्या मोठ्या पुरानंतर एर्राशिदियाच्या वर हसन अद्दाखिल धरण बांधले गेले आणि १९७१ मध्ये ते पूर्ण झाले. पूर थांबले, सिंचनाला शिस्त आली. पण पुराच्या पाण्याने जे भूजल भरून निघत असे ते खालच्या ताफिलाल्तमध्ये कमी झाले, आणि खेत्तारा आटण्याच्या कारणांत पंपांबरोबर या धरणाचेही नाव घेतले जाते. रस्त्यावरच्या सज्जातून खाली पाहिले तर उजाड पठारात खोल गेलेल्या चरात खजुरांची घनदाट हिरवी पट्टी दूरवर दिसते. मेजहूल खजूर हा याच प्रदेशाचा. बायूद नावाच्या बुरशीजन्य रोगाने मोरोक्कोतली खजुराची लाखो झाडे मारली. त्यातून वाचलेले ११ फुटवे १९२७ मध्ये बूदेनीबहून अमेरिकेत नेले गेले आणि तिथल्या मेजहूलच्या बागा त्यांच्यापासून वाढल्या.

झीझनंतरचा दिवस लांबचा असतो. मेरझूगा ते फेझ हे अंतर सुमारे ४६० किलोमीटर आहे. मिदेल्तची सफरचंदे, अझरूजवळचे देवदाराचे जंगल आणि त्यातली शेपटी नसलेली माकडे हे सगळे झपाट्याने मागे पडते. माकडांना खाऊ घालू नये, वाटाडे आग्रह करत असले तरीही. इफ्रान येथे १९३५ मध्ये उणे २३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, जे आफ्रिकेतले नीचांकी मानले जाते. आदल्या रात्री वाळूत झोपलेल्या माणसाला हे खरे वाटत नाही. इब्न बतूतानेही हा पर्वत हिवाळ्यातच ओलांडला. १३५३ च्या अखेरीस सिजिल्मासाहून फेझला येताना त्याला वाटेत एवढे बर्फ लागले की बुखारा, समरकंद आणि खुरासानमध्येही आपण याहून कठीण वाट पाहिली नाही, असे त्याने सांगून ठेवले आहे.

फेझला पाण्याची वाण कधीच नव्हती. नवव्या शतकापासून वाढत गेलेल्या या शहराने नदीचे पाणी चढत्या बाजूने उचलून पाटांच्या जाळ्यातून मशिदी, हमामखाने, घरांची अंगणे, सार्वजनिक पाणपोया आणि चामड्याची कुंडे यांपर्यंत पोचवले. ज्या मरिनिद सुलतान अबू इनानच्या आज्ञेने इब्न बतूताने आपला प्रवास लिहून घेतला, त्याच्याच बू इनानिया मदरशाच्या चौकातून नदीच्या पाण्याचा पाट काढलेला आहे. शुवारा येथील चर्मकुंडे पाहायला गच्चीवर नेतात, हातात पुदिन्याची काडी देतात. चुना, कबुतरांची विष्ठा आणि रंग यांच्या त्या कुंडांत कामगार मांडीपर्यंत उतरलेले असतात. तिथले पाणी पुढे कुठे जाते, हे विचारले पाहिजे. जुन्या शहरातून वाहणारी बूखरारेब नदी इतकी घाण झाली की विसाव्या शतकात तिच्यावर सिमेंटचे आच्छादन घालून रस्ता आणि वाहनतळ करण्यात आला. अझीझा शाउनी या फेझमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारदांनी ती पुन्हा मोकळी करण्याचा आराखडा मांडला, आणि नदीचा काही भाग आता उघडा झाला आहे.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ निवडावा. ऑक्टोबरमध्ये खजूर उतरवण्याचा हंगामही मिळतो. कंपनीशी बोलताना तीन दिवसांच्या आखणीत एक मुक्काम तिनघिरला वाढवून मागावा, आणि वारझाझातच्या चित्रनगरीऐवजी जोर्फच्या खेत्तारांना पुरेसा वेळ द्यावा असे आधीच लिहून कळवावे. वाटेत वेळेवर सांगितले तर वाटाड्यांचा नाइलाज होतो, कारण जेवणाची आणि मुक्कामाची ठिकाणे बांधलेली असतात. हस्सीलबिएदच्या बागा मात्र फेझकडे निघण्याच्या दिवशी सकाळी, गाडीत सामान चढवले जात असतानाही पाहून होतात.